गुरुवारी गर्दी कमी असते

गायधनी आमचं शुद्धलेखन तपासतो.
सरकार पडो, धरण भरो, कुणाचं लग्न मोडो,
आधी वेलांटी.
'सत्तांतर' लिहिताना पगारेचा एक त सुटला
तर त्या त-वरून अर्धी रात्र,
सत्ता राहिली बाजूला.

सहा जण आहोत. दहावी ब.
पगारे ओझरला, इर्शाद वडाळा नाक्यावर,
मृणाल इंदिरानगरात, जॉगिंग ट्रॅकच्या अलीकडे,
गायधनी अजून नाशिकरोडलाच,
मी सातपूरला, लॅबमध्ये, दुसऱ्या पाळीत.
बोरस्ते कुठे असतो ते बोरस्तेच जाणे:
पिंपळगावला बाग, पेठ रोडला गाळा
आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

अकरानंतर फोन थरथरायला लागतो.
घाटावर काँक्रीट किती ओतावं,
वॉर्ड महिला राखीव झाला की उभं कोण राहतं,
बाई की तिचा नवरा,
जाड कादंबरी शंभराव्या पानावर सोडली
तर पाप लागतं का.
मृणाल म्हणते, नाही लागत.
वाचनालयात तिच्या नावावर
अर्ध्यावरून परत गेलेली सोळा पुस्तकं आहेत.
इर्शाद शेवट आधी वाचतो,
म्हणतो, उगाच जीव टांगणीला का लावायचा.

मागच्या सोमवारी डिप्रेशनचा विषय निघाला.
कुणी काढला आठवत नाही.
बोरस्ते म्हणाला, हे सगळं एसीत बसून होतं.
द्राक्षाला डाऊनी लागू दे, मग बघतो कोण उदास होतंय,
माणूस फवारणीच्या मागे धावतो.
त्यावर हसणारी चार पिवळी तोंडं.
त्यातलं एक माझं, सांगून टाकते.

मग मृणालने लिहिलं. लांबलचक,
तीनदा वर सरकवावं लागलं.
बहिणीबद्दल. गोळ्यांबद्दल.
पोळी लाटता लाटता मध्येच थांबलेल्या
आणि थांबूनच राहिलेल्या हाताबद्दल.
शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या त्यात.
गायधनीने एकही काढली नाही.

मी कंपनीच्या बसमध्ये होते, त्र्यंबक रोडला.
वाटलं, झोपला असेल.

रात्री पावणेतीन.
गायधनी लिहीत आहे.
मग काही नाही.
गायधनी लिहीत आहे.
मग काही नाही.
लांब कुठेतरी रेल्वे गेली. मी फोन पालथा घातला,
पुन्हा सुलटा केला.
गायधनी लिहीत आहे.

सकाळी सात दहाला एकच वाक्य आलं:
"चांगल्या डॉक्टरांचा पत्ता आहे का कुणाकडे?
ओळखीतल्या एकासाठी हवाय."
मृणाल डबे भरत असणार.
बाकी कुणी बोलेना.
आणि मग बोरस्ते,
एसीवाला, फवारणीवाला बोरस्ते:
"कॅनडा कॉर्नरच्या पुढे, मेडिकलच्या वर, दुसरा मजला.
लिफ्टचं काही खरं नसतं, जिन्याने जा.
गुरुवारी गर्दी कमी असते.
साडेसहाची वेळ घे. मी असतो."

इतकी शांतता आमच्यात याआधी एकदाच,
बोर्डाच्या निकालाच्या सकाळी.

ती पगारेने मोडली.
"लिफ्ट बंद म्हणजे काय? नगरसेवक कोण आहे तिथला?"
आणि त्यावरून जुंपली आमची,
नऊ वाजेपर्यंत, सगळ्यांनी चहा गार केला.

गुरुवारी साडेसहाला दोघंही गप्प झाले.
मग उरलेल्या चौघांनी जो धुडगूस घातला!
पगारेने मतदानाची टक्केवारी ठोकून दिली, एकशे चार.
इर्शादने एका कादंबरीचा शेवट
दुसरीच्या बुडाला चिकटवला.
मृणाल म्हणाली, गोदावरी उगम पावते इगतपुरीला.
मी लॅबमध्ये हातमोजे काढले,
दोन ओळी लिहिल्या
आणि 'आणि'तला णि
मुद्दाम दीर्घ केला.

आठ वाजून बारा मिनिटांनी
गायधनी: "णि ऱ्हस्व."
त्याच्याखाली बोरस्ते:
"आणि त्र्यंबक, बये. त्र्यंबक."